क्लेमची मूळ फाइल गहाळ झालीय, आणि अपील तर करायचंय

वारणाकाठ
३ जून २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसताच वाचक आहे. पहिल्यांदा धागा काढतोय तोही रडगाण्याचा, सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत आण्णा (वडील, वय ६८) बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी घरी आणलं. हॉस्पिटल विमा कंपनीच्या यादीत नव्हतं, त्यामुळे कॅशलेस नाही. २,४१,३८० रुपये खिशातून भरले. पॉलिसी ऑगस्ट २०२१ पासून सलग आहे, हप्ता एकदाही चुकलेला नाही.

५ मार्चला सगळी मूळ कागदपत्रं सांगलीच्या शाखेत नेऊन दिली. काउंटरवरच्या बाईंनी क्लेम फॉर्मच्या झेरॉक्सवर शिक्का मारला, मी तेवढ्यावर खूश होऊन घरी.

२१ एप्रिलला नकार आला. कारण काय, तर आण्णांना १३ वर्षांपासून बीपी आहे आणि पॉलिसी घेताना ते लपवलं. आण्णांना बीपीची गोळी सुरू झाली २०२२ साली! घरातली डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स बघितली तर त्यावर खरंच १३ टाइप झालंय. घरी आणताना आम्ही कुणी ते वाचलंच नव्हतं. वाचतं कोण? गोळ्या कुठल्या आणि टाके कधी काढायचे एवढंच बघतो आपण.

डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस, 'टायपिंगची चूक झाली आहे' असं लेटरहेडवर लिहून सही-शिक्क्यानिशी दिलं. ते पत्र जोडून २ मेला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अपील पाठवलं, कुरिअरनं. ३० मेला उत्तर आलं : अपिलासोबत कोणतंही कागदपत्र मिळालेलं नाही, शिवाय मूळ बिलं आणि डिस्चार्ज कार्डही 'रेकॉर्डवर उपलब्ध नाही'. १५ दिवसांत मूळ प्रती द्या, नाहीतर दावा बंद.

शाखा म्हणते आम्ही फाइल पुण्याला टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणारी बाहेरची संस्था) पाठवली. टीपीए म्हणतो आमचं कंत्राट ३१ मार्चला संपलं, सगळ्या फायली नव्या टीपीएला दिल्या. नवा म्हणतो आमच्याकडे आलीच नाही. कुरिअरच्या साइटवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय, खाली सही म्हणून एक गांडूळ काढलंय.

डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स काढली नाही, हे लिहितानाच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय. आणि डॉक्टर आता दोन महिने मुलीकडे परदेशात. मूळ प्रती आणू कुठून?

चहाबाज
३ जून २०२५, रात्री ११:०५

वाचतोय. आण्णा कसे आहेत आता ते आधी सांगा.

वारणाकाठ
३ जून २०२५, रात्री ११:११

वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. वॉकरपेक्षा विमा कंपनीला जास्त शिव्या देतात, म्हणजे तब्येत सुधारतेय.

दप्तरी
४ जून २०२५, सकाळी ६:५०

मी ३४ वर्षं विमा कंपनीत काढली, त्यातली ९ क्लेम खात्यात. आता निवृत्त आहे. तुमची फाइल हरवली यात मला नवल वाटत नाही. फाइल हरवली असं तुम्ही मानून बसलात, याचं मात्र वाटतं.

टीपीएकडे पाकीट आलं की आधी ते फोडून स्कॅन करतात. क्लेम नंबर टाकून त्या प्रतिमा संगणकात चढतात आणि कागद गठ्ठ्यात बांधून गोदामात जातो. त्यानंतर त्या कागदाला कुणी हात लावत नाही, जो तो पडद्यावरच बघतो. 'रेकॉर्डवर उपलब्ध नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की समोर बसलेल्या पोराला नव्या प्रणालीत तो नंबर टाकल्यावर काही दिसत नाही.

दोन गोष्टी हव्यात. शाखेच्या शिक्क्यावर इन्वर्ड नंबर आहे का? आणि २१ एप्रिलच्या नकारपत्राचा मजकूर नाव-नंबर खोडून इथे जसाच्या तसा टाका. घाई आहे, आजच टाका.

विमासखा
४ जून २०२५, सकाळी ९:३०

एजंटमार्फत पॉलिसी घेतली असती तर ही वेळ आली नसती. ऑनलाइन हजार रुपये वाचवायचे आणि मग...

वारणाकाठ
४ जून २०२५, सकाळी ९:५८

दादा, एजंटमार्फतच घेतलीय. एजंट तालुक्यातलाच. नकार आल्यापासून फोन उचलत नाही, स्टेटसला मात्र रोज सुविचार असतो.

विमासखा
४ जून २०२५, सकाळी १०:०४

सगळे तसे नसतात हो. मी स्वतः क्लेमची फाइल देताना प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं क्रमांक टाकतो आणि यादीवर पोच घेतो. पण तुमचं चालू द्या.

वारणाकाठ
४ जून २०२५, दुपारी १:२०

दप्तरी काका, शिक्क्यावर तारीख आणि इन्वर्ड नंबर दोन्ही आहे. जोडलेल्या कागदांची यादी मात्र नाही. नकारपत्र इंग्रजीत आहे, मराठीत सांगायचं तर असं :

'आपण सादर केलेल्या रु. २,४१,३८०/- च्या दाव्याच्या कागदपत्रांची छाननी केली. डिस्चार्ज समरीमधील नोंदीनुसार रुग्णास १३ वर्षांपासून उच्च रक्तदाब असल्याचे आढळते. प्रस्तावपत्रात सदर बाब उघड केलेली नाही. सबब दावा नामंजूर करण्यात येत आहे.'

दप्तरी
४ जून २०२५, दुपारी १:४१

मग रडताय कशाला? हीच तुमची पोच.

पुन्हा वाचा. 'सादर केलेल्या कागदपत्रांची छाननी केली.' 'डिस्चार्ज समरीमधील नोंदीनुसार.' २,४१,३८० हा आकडा बिलं समोर असल्याशिवाय आला कुठून? २१ एप्रिलला ज्यांनी डिस्चार्ज कार्डातली एक ओळ वाचून दावा फेटाळला, तेच ३० मेला म्हणतायत की डिस्चार्ज कार्ड आलंच नाही. बरं, जुन्या टीपीएचं कंत्राट ३१ मार्चला संपलं, नकार २१ एप्रिलचा. म्हणजे फाइल, निदान तिची प्रतिमा, पुढे गेली होती.

आजच मेल करा. लांबण लावू नका, आण्णांच्या वेदना, तुमचं कर्ज यातलं काही लिहू नका. तीनच वाक्यं : अमुक तारखेला अमुक इन्वर्ड नंबरनं मूळ कागदपत्रं दिली. तुमच्या २१ एप्रिलच्या पत्रात ती तपासल्याचं तुम्हीच लिहिलंय. आता त्यातले नेमके कोणते कागद तुमच्याकडे आहेत आणि कोणते नाहीत याची यादी लेखी द्या. दोन्ही पत्रं जोडा. तक्रार निवारण अधिकारी, शाखा, नवा टीपीए, तिघांना एकाच मेलमध्ये घ्या, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवताना निदान एकमेकांना दिसतील.

फोनवर कुणाशी बोललात तर त्याच दिवशी 'आपलं बोलणं झाल्याप्रमाणे' म्हणून मेल टाका. फोनला इन्वर्ड नंबर नसतो.

चहाबाज
४ जून २०२५, दुपारी २:०२

दप्तरी काका _/\_

न्यूजर्सीकर
४ जून २०२५, संध्या. ७:१५

इकडेही हेच चालतं, फक्त कुरिअरच्या जागी फॅक्स. नकार आला की कंपनीकडे अपील करायला बहुतेक प्लॅनमध्ये १८० दिवस मिळतात, आणि कंपनीनं निर्णय कशावरून घेतला ती सगळी क्लेम फाइल फुकट मागता येते. माझं अपील दोनदा 'मिळालं नाही'. तिसऱ्यांदा फॅक्सची कन्फर्मेशनची पानं जोडून पाठवलं, तेव्हा मिळालं.

चहाबाज
४ जून २०२५, संध्या. ७:२२

फॅक्स? २०२५ मध्ये? अमेरिकेत??

न्यूजर्सीकर
४ जून २०२५, संध्या. ७:३०

दवाखान्यांत आणि विमावाल्यांकडे अजून जोरात आहे. पुढे विचारू नका.

केसपेपर
४ जून २०२५, रात्री ९:४८

मी कोल्हापूरला एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात आहे. आमच्या भाषेत एमआरडी. वारणाकाठ, तुम्ही डॉक्टरांच्या पत्रामागे धावताय, पण पत्र हा नंतर लिहिलेला कागद. कंपनी त्यावर नाक मुरडू शकते, 'नातेवाइकांच्या सांगण्यावरून दिलं' म्हणते. तुम्हाला हवा तो पहिल्या रात्रीचा कागद. आण्णांना आणलं तेव्हा कॅज्युअल्टीत ड्यूटीवरच्या डॉक्टरनं पेनानं जे लिहिलं तो. डिस्चार्ज कार्ड नंतर त्यावरूनच टाइप होतं. आणि तो कागद पेशंटला कधीच देत नाहीत, केसपेपरच्या फायलीत राहतो. म्हणजे तुमच्या हरवलेल्या फायलीत तो नव्हताच!

आयपी नंबर (पेशंटला भरती करताना दिलेला), तारखा आणि नातं लिहून साधा अर्ज करा, 'इनडोअर केसपेपरची संपूर्ण प्रमाणित प्रत' मागा. आण्णांच्या सहीचं संमतीपत्र आणि दोघांची आधारची झेरॉक्स न्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे : भरती रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं, आणि रुग्णानं मागितलं की ७२ तासांत द्यायचं. २०२३ ला नवी नियमावली आली होती, ती स्थगित झाली, त्यामुळे हेच नियम चालू आहेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर वेळेसकट पोच घ्या. ७२ तास तिथून मोजायचे.

बिलांचं म्हणाल तर फायनल बिल आणि पावत्या संगणकातून परत निघतात, वर 'डुप्लिकेट' छापून येतं. घाबरू नका, त्यावर बिलिंगचा शिक्का आणि सही घ्या. आणि इम्प्लांटचं स्टिकर विसरू नका. सळी-स्क्रू जे बसवलं त्याच्या खोक्यात एकाच नंबरची तीन-चार स्टिकर येतात. एक केसपेपरला चिकटवतात, एक ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, रजिस्टरला. तुमचं हरवलं असेल तर त्या पानाची प्रमाणित प्रत चालते.

तिरफळ
५ जून २०२५, सकाळी ८:१०

मध्येच घुसतेय. माझी मेडिकलची बिलं आहेत पण सगळी फिकी पडलीयत, नुसते पांढरे कागद. लॅमिनेट केलेली चालतात का?

केसपेपर
५ जून २०२५, सकाळी ८:२६

नका करू! तो थर्मल कागद असतो, उष्णतेनं उमटणारा. लॅमिनेशनच्या मशिनमध्ये घातलात की अख्खा कागद काळा होईल. एका पेशंटच्या मुलानं केलं होतं, तेवीस बिलं, कोळसा. तारखेनुसार मेडिकलवाल्याकडून परत छापून घ्या, आणि यापुढे बिल हातात पडलं त्याच दिवशी झेरॉक्स.

तिरफळ
५ जून २०२५, सकाळी ८:३०

बापरे. मशीन तापलेलं होतं, तुमचा प्रतिसाद बघायला थांबले म्हणून वाचले.

सातबारा
५ जून २०२५, सकाळी ११:३५

व्यवसायानं वकील, नाशिक. कायद्याच्या बाजूनं थोडं.

१४ जूनची मुदत मनावर घेऊ नका, पण चुकवूही नका. इर्डाचं (विमा कंपन्यांवरचं सरकारी नियामक मंडळ) २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक आहे, की कागद उशिरा आले एवढ्याच कारणावर, उशीर अपरिहार्य असेल तर, खरा दावा फेटाळायचा नाही. २९ मे २०२४ चं आरोग्य विम्याचं मास्टर सर्क्युलर त्याही पुढे जातं. दाव्यासाठी लागणारे कागद कंपनीनं आणि टीपीएनं हॉस्पिटलकडून गोळा करायचे आहेत, ग्राहकाला पळवायचं नाही. प्रत्यक्षात पळवतातच, पण पत्रात हे वाक्य घाला. त्याच सर्क्युलरप्रमाणे क्लेम रिव्ह्यू समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतलं नेमकं कलम सांगावं लागतं. तुमच्या नकारपत्रात कलम नाही. समितीनं कधी मंजुरी दिली ते विचारा.

बीपीचा आणि बाथरूममध्ये घसरण्याचा संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा एक निकाल आहे, त्यात विमेदारानं मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं आणि मृत्यू हृदयविकारानं झाला; न सांगितलेल्या आजाराचा मृत्यूशी संबंध नाही म्हणून दावा मान्य झाला. पण तो आयुर्विम्याचा आहे. तुमची मुख्य भिंत ती करू नका. तुमच्याकडे त्याहून सोपी गोष्ट आहे : आजार पॉलिसीनंतरचा, लपवायला तेव्हा तो नव्हताच.

पॉलिसीला सलग ६० महिने झाले असते तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय हा मुद्दाच काढता आला नसता. ऑगस्ट २०२१ पासून फेब्रुवारी २०२५, म्हणजे ४२. दीड वर्ष कमी पडलं.

मूळ बिलांऐवजी प्रमाणित प्रती देताना क्षतिपूर्ती बंधपत्र मागतील, इन्डेम्निटी बाँड. शंभराच्या स्टॅम्पवर करू नका, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात त्याला पाचशेचा लागतो. मसुदा कंपनीकडूनच मागून घ्या, आपण केलेला त्यांना कधीच पसंत पडत नाही.

आणि इर्डाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार आजच टाका. टोकन नंबर मिळतो. नाही जमलं तर १५५२५५ वर फोन.

सोमवारपेठ
५ जून २०२५, दुपारी ३:००

+१ बीमा भरोसा. तिथे फार काही होतं असं नाही, पण कंपनीत फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. दुसरं टेबल बहुतेक वेळा शहाणं असतं.

वारणाकाठ
६ जून २०२५, रात्री ११:५०

आज मिरजेला जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण केसपेपर ताईंचे (ताईच ना?) पाय धरायचे आहेत.

अर्ज कालच देऊन आलो होतो. बिलिंगवाल्यांनी आधी 'डॉक्टर नाहीत, ते आल्यावर या' म्हणून परत पाठवायचा प्रयत्न केला. मी ७२ तासांचा नियम सांगितला. तेव्हा आतून एक वयस्कर मामा आले आणि म्हणाले, 'चला खाली.'

तळघरात रेकॉर्डची खोली. लोखंडी रॅक, प्रत्येक महिन्याचा गठ्ठा सुतळीनं बांधलेला, वर खडूनं महिना लिहिलेला. मामांनी फेब्रुवारी ओढला, टेबलावर आपटला, धूळ उडाली, आणि थुंकी लावून पानं उलटत दोन मिनिटांत आण्णांची फाइल बाहेर. मी आठवडाभर तीन शहरांत फाइल शोधतोय आणि इथे सुतळी सोडली की झालं.

कॅज्युअल्टीचा कागद पिवळा. निळ्या बॉलपेननं घाईघाईत लिहिलेलं. वर 'बाथरूममध्ये पाय घसरून पडले, रात्री ९.१५'. खाली बीपीचं इंग्रजी लघुरूप, एचटीएन, त्याच्यापुढे एक तिरकी रेघ, मग ३, मग वर्षं. ती रेघ! लिहिणाऱ्यानं पॅड हातात धरून उभ्या उभ्या लिहिलं असणार, रेघ जवळजवळ सरळ उभी आलीय, तीनाला चिकटून. मीही पहिल्यांदा १३ च वाचलं. पोटात गोळा आला.

मग मामांनी नखानं दोन ओळी खाली दाखवलं. चालू औषधं : टेल्मिसार्टन ४०, आणि पुढे स्वच्छ अक्षरात 'सन २०२२ पासून'. मागच्या पानावर नर्सनं भरलेला तक्ता, तिच्या गोल गोल अक्षरात 'बीपी – ३ वर्षे'. त्या नर्सताई कोण माहीत नाही, त्यांचं भलं होवो.

एकूण ६४ पानं, पानाला ५ रुपये, ३२० झाले. प्रत्येक पानावर 'सत्यप्रत' शिक्का आणि सही. शिक्के मारून मामांचा हात दुखायला लागला, तेव्हा शेवटची वीस पानं मीच मारली, सही त्यांनी केली. (हे नियमात बसतं का विचारू नका.) इम्प्लांटचं स्टिकरही केसपेपरला होतं. डुप्लिकेट बिलं घेतली. बाहेर पडून पहिलं काम, सगळ्याच्या दोन झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन.

केसपेपर
७ जून २०२५, सकाळी ७:४०

ताईच. :) नर्सिंगचा तक्ता सांगायला मी विसरले होते. ड्यूटी डॉक्टर आणि नर्स वेगवेगळे विचारतात, वेगवेगळं लिहितात, म्हणून तो कागद फार मोलाचा. आणि शिक्के मारल्याचं इथे लिहायला नको होतं.

दप्तरी
७ जून २०२५, सकाळी ८:१५

छान. आता पाठवताना पाकिटात काय आहे ते पाकिटाबाहेर दिसलं पाहिजे. कव्हर पत्रावर अनुक्रम, कागदाचं नाव, पानं, मूळ की सत्यप्रत, अशी यादी करा. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात क्लेम नंबर आणि ६४ पैकी कितवं पान ते. पान सुटलं तरी घरी परत येईल. '२०२२ पासून' या ओळीला साधी पेन्सिल खूण, हायलायटर नको, स्कॅनमध्ये कधीकधी काळा येतो.

पोस्टानं पाठवा, स्पीड पोस्ट. पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचं पान जपा. संच एक शाखेतही द्या, यादीवर शिक्का घेऊन. यादीवर. फॉर्मवर नाही.

विमासखा
७ जून २०२५, सकाळी ८:४०

मी हेच सांगत होतो.

चहाबाज
७ जून २०२५, सकाळी ८:४४

तुम्ही ऑनलाइनवाल्यांना टोमणा मारत होता.

सोमवारपेठ
७ जून २०२५, सकाळी १०:२०

समजा तरीही नाही म्हणाले, तर विमा लोकपाल. सांगली पुण्याच्या कार्यालयाखाली येतं, नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर. मी आईच्या मोतिबिंदूसाठी गेलो होतो. फी नाही. कंपनीनं नाकारल्यापासून, किंवा तक्रार करून महिना झाला तरी उत्तर नाही तर, एका वर्षाच्या आत अर्ज. ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. माझी सुनावणी व्हिडिओवर झाली, वीस मिनिटं. समोर कंपनीची मुलगी होती, तिच्याकडे आमचा एकच कागद कमी होता, तो मी स्क्रीनसमोर धरला. निकाल आमच्या बाजूनं लागला. तो कंपनीवर बंधनकारक असतो, ३० दिवसांत पाळायचा. नाही पाळला तर दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला.

सातबारा
७ जून २०२५, सकाळी १०:४५

आणि लोकपालांपुढे वकील चालत नाही, त्यामुळे आमची जात तिथे फिरकत नाही हा आणखी एक फायदा. फक्त ग्राहक आयोगात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. आधी लोकपाल, मग आयोग हा क्रम धरा. आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे.

तिरफळ
१९ जून २०२५, दुपारी १२:१०

वारणाकाठ, काही कळलं का? माझी बिलं परत छापून मिळाली. एक दुकान बंद पडलंय, तेवढं ७१० रुपयांचं सोडलं.

वारणाकाठ
८ जुलै २०२५, रात्री ९:३०

उशीर झाला, माफी असावी. पेरणीची गडबड होती.

९ जूनला शाखेत संच दिला. काउंटरवर त्याच बाई. यादीवर शिक्का मागितला तर म्हणाल्या, 'एवढ्या कागदांवर आम्ही मारत नाही.' मी म्हटलं कागदांवर नको, एकाच कागदावर मारा. त्यांनी मारला. त्याच दिवशी स्पीड पोस्टही केलं.

२० जूनला नव्या टीपीएचा मेल आला : 'मायग्रेशनमध्ये काही प्रतिमा जोडल्या गेल्या नव्हत्या, आता उपलब्ध झाल्या आहेत.' दप्तरी काका, शब्दशः तुम्ही म्हणालात तेच! हरवलं काहीच नव्हतं, निदान पडद्यावर तरी. तरीही बाँड मागितलाच. पाचशेचा स्टॅम्प, नोटरी वेगळा. मसुदा त्यांच्याकडूनच घेतला, त्यातही आण्णांचं वय ८६ टाकलेलं. दुरुस्त करून घेतलं. आता मी आकडे दोनदा वाचतो.

काल पत्र आलं, दावा पुन्हा उघडून मंजूर. बीपीबद्दल एक अक्षर नाही. ना चूक झाली, ना दिलगिरी.

चहाबाज
८ जुलै २०२५, रात्री ९:३३

हुर्रे! आण्णांना पेढा.

दप्तरी
९ जुलै २०२५, सकाळी ७:०५

अभिनंदन. पैसे जमा झाले की उशिराचं व्याज आलं का बघा. शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासूनच्या मुदतीपलीकडे गेले तर बँक रेट अधिक २ टक्के देणं लागतात. ते म्हणतील शेवटचा कागद जूनमध्ये मिळाला. तुम्ही म्हणा मार्चमध्ये मिळाला, तुमचीच प्रणाली आता तसं दाखवते. मेल जपून ठेवलाय ना?

वारणाकाठ
२१ जुलै २०२५, रात्री १०:१५

२,१९,६४० जमा झाले. २१,७४० कापले : ग्लोव्ह्ज, डायपर, नोंदणी फी, वॉकर आणि खोलीच्या भाड्यातला फरक. वॉकर कापल्याचं आण्णांना सांगितलेलं नाही. व्याज नाही. मेल केलाय, उत्तर आलं की लिहीन.

वारणाकाठ
१४ ऑक्टोबर २०२५, रात्री ८:५५

धागा वर काढतोय. व्याजाचे ४,००० च्या आसपास आले ऑगस्टअखेर, दोन स्मरणपत्रांनंतर. ते सांगायचं राहिलं होतं. पण आज वेगळंच झालं.

शाखेतून फोन : 'तुमची फाइल सापडली, घेऊन जा.' गेलो. तीच फाइल, मार्चमध्ये दिलेली, माझ्या अक्षरात नाव घातलेली, कोपऱ्यावर चहाचा डाग मात्र नवा. आत सगळं जागच्या जागी, मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, आण्णांचा खुब्याचा एक्स-रे. डॉक्टरांचं ते पत्र नाही, ते कुरिअरमध्येच गेलं.

घरी येऊन एक्स-रेचं पाकीट झटकलं तर आतून अजून एक एक्स-रे पडला. कोपराचा. कोपऱ्यात दुसरंच नाव आणि इचलकरंजीच्या एका सेंटरचा शिक्का, तारीख जानेवारीची.

दप्तरी
१४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:१०

आडनाव तुमचंच का?

वारणाकाठ
१४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:१२

हो!! आडनाव तेच, पहिलं नाव वेगळं.

दप्तरी
१४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:१५

मग तो बिचाराही कुठेतरी 'एक्स-रे मिळाला नाही'चं पत्र घेऊन बसला असेल. नाव इथे टाकू नका. शाखेला द्या.

वारणाकाठ
१६ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४:४०

देऊन आलो. यादीवर एकच ओळ होती, 'एक्स-रे, कोपर, १ नग'. बाई म्हणाल्या, दुसऱ्याच्या कागदाची पोच तुम्हाला कशी देणार, इन्वर्ड करायला क्लेम नंबर लागतो. अर्धा तास उभा राहिलो. शेवटी शाखाधिकाऱ्यांनी संगणकात त्या माणसाचं नाव घालून नंबर शोधला. दावा एप्रिलपासून 'कागदपत्र प्रलंबित' दाखवत होता. माझ्यासमोरच त्यांनी त्याला फोन लावला.